शून्याचा हिशेब शिकवल्याबद्दल

आदरणीय सर,

सादर प्रणाम. आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट पाळूनच हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मी घडवत असलेल्या लहानशा फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत यादीची लांबी टाइपमध्येच, म्हणजे माहिती कोणत्या प्रकारची आहे हे सांगणाऱ्या वर्णनातच, लिहिता येते. ३ घटकांच्या यादीला ४ घटकांची यादी जोडली तर ७ घटकांचीच यादी मिळेल, याची खात्री कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल असा करणारे साधन) प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच करून घेतो. उघडलेली फाइल नेमकी एकदाच बंद व्हावी, हेही टाइपनेच सांभाळावे अशी माझी इच्छा होती. त्यासाठी संगणकशास्त्रज्ञ कॉनर मॅकब्राइड यांनी २०१६ मध्ये मांडलेली आणि रॉबर्ट ॲटकी यांनी २०१८ मध्ये अधिक काटेकोर केलेली पद्धत मी उचलली, जिच्यात प्रत्येक व्हेरिएबल (मूल्याला दिलेले नाव) ०, १ की कितीही वेळा वापरायचे हे सांगावे लागते. एडविन ब्रॅडी यांची इड्रिस २ ही भाषा याच पायावर उभी असल्याने नमुनाही समोर होता. तरीही माझा टाइपचेकर, म्हणजे कंपायलरमधला टाइप तपासणारा भाग, अगदी साधे, बरोबर प्रोग्रॅम नाकारत होता.

आपण कोड वाचून एवढेच विचारलेत, की टाइपमध्ये एखाद्या व्हेरिएबलचे नाव आले म्हणजे ते वापरले गेले का? मी त्या उल्लेखालाही खर्च धरत होते! बोलाच्या भाताने पोट भरत नाही, तसा पातेल्यातला भातही कमी होत नाही. टाइपमधला उल्लेख शून्यच मोजायचा, हा त्या पद्धतीचा गाभाच मी वाचूनही निसटू दिला होता. तो नियम बसल्यावर जी लांबी केवळ टाइपपुरती लागते, तिच्यापुढे ० लिहिले की ती तयार प्रोग्रॅममधून आपोआप गळू लागली, आणि नेमक्या याच कामासाठी लिहिलेला, अंदाजावर चालणारा एक अख्खा टप्पा मला आनंदाने पुसून टाकता आला.

दुसरी सूचना छोटी होती. इफ आणि एल्स (अट खरी असेल तर आणि नसेल तर) या दोन्ही शाखांमधल्या वापरांची मी बेरीज करत होते. चालते मात्र एकच शाखा. हे मला स्वतःला सुचायला हवे होते.

रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारे, फंक्शन कधीतरी थांबेलच, याची तपासणी अजून कच्ची आहे. ती लिहून झाली की कोड प्रथम आपल्याकडेच पाठवीन.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी