घड्याळ काढून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव तुम्ही सांगितलं होतं, पण व्हॅनच्या धडधडीत ते मला नीट ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायला संकोच वाटला. म्हणून नुसतं काका. आमच्याकडे तुमच्या वयाच्या माणसाला एवढं पुरतं. पत्ताही नाही, तेव्हा हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. ते तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा फारशी नाही. पण परत आल्यापासून कोणी "कशी झाली फ्रान्सची ट्रिप?" विचारलं की मी सँ-सिर-लापोपी गावाचे फोटो दाखवायला मोबाईल काढते आणि बोलत सुटते ते तुमच्याबद्दल. घरचे कंटाळलेत. एकदाचं लिहून टाकते.

ओळख पटावी म्हणून सांगते. सप्टेंबरातली दुपार, सेले नदीच्या काठचा डी-४१ रस्ता, मार्सियाक मागे टाकून सोलियाककडे जाताना अक्रोडाच्या झाडाखाली आडवी पडलेली निळी सायकल, आणि शेजारी दगडी बांधावर बसलेली, रडून झालेली भारतीय बाई. ती मी.

सकाळ फार सुरेख गेली होती हो. फिजाकहून, म्हणजे इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँच्या गावातून, उजाडताच निघाले होते. आम्ही नाशिकचे सायकलवाले सराव करतो तो कसारा घाटात, ट्रकच्या धुरात, एक डोळा मागे ठेवून. तुमच्या खोऱ्यात मागून गाडी आली तर ती निमूट मागेच राहायची आणि वळण संपल्यावर पार पलीकडच्या बाजूने पुढे जायची. गावाबाहेर सायकलवाल्यापासून दीड मीटर लांब राहायचं असा तुमच्याकडे कायदा आहे म्हणे. कायदे आमच्याकडेही भरपूर आहेत. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचे पिवळसर कडे, आणि त्या कड्यांच्या पोटात बांधून काढलेल्या भिंती, शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळातल्या. तिथले लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात. मराठी माणसाला किल्ला दिसला की मान वर जातेच, त्यामुळे माझा वेग काही फार नव्हता. दुकानं बंद असली तर पाणी गावच्या दफनभूमीतल्या नळावर भरायचं, हेही तिकडच्याच एका सायकलवाल्याने शिकवलं होतं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मग हँगर तुटला. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टीच मोडली आणि डिरेलर चेनला लोंबकळत राहिला. सायकल भाड्याची. मागचा गिअर उड्या मारतोय हे मी ती घेतानाच सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलाने पेडल दोनदा फिरवून बघितलं आणि "चालवलीत की बसेल" म्हणाला. बसला खरा!

त्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, पण राग लिहिणार. पावतीवर ठळक अक्षरांत मदतीचा नंबर होता. कड्याखाली रेंज नाही म्हणून वळणापर्यंत चालत जाऊन फोन लावला. "एका तासात आमचा माणूस पोहोचतोय." तास होऊन गेला. पुन्हा चालत गेले. "निघालाय, अर्धा तास." पुढच्या वेळी जेवणाच्या सुट्टीची टेप वाजली. त्यानंतर फोनची बॅटरी गेली, तेव्हा पुढे ते काय म्हणाले असते ते कळायला मार्ग उरला नाही. बॅटरी जायच्या आधी आमच्या नाशिकच्या ग्रुपवर तुटलेल्या हँगरचा फोटो टाकला होता. त्यावर अंगठे आले. एकाने 'एन्जॉय' लिहिलं. मधेच भारी सायकलींवरून एक टोळकं सुसाट गेलं. त्यातल्या एकाने "सा व्हा?" असं विचारलं, म्हणजे ठीक ना, आणि उत्तर ऐकायला तो काही तिथे नव्हता.

आणि मग तुमची पांढरी व्हॅन आली. पुढे निघून गेली, थांबली, आणि रिव्हर्समध्ये मागे आली.

तुम्ही उतरलात, आधी "बाँजूर" म्हणालात, मग सायकलकडे बघितलंत. तुमच्याकडे इंग्रजी नव्हतं आणि माझं फ्रेंच ब्रेड विकत घेण्यापुरतं. मागचं दार उघडून दाखवलंत तर आत गवतावर एक मेंढी आडवी पडलेली. पांढरी, काळ्या कानांची, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. तुमच्या पठारावरची ही जातच अशी. त्या काळ्या चष्म्यामुळे डोळ्यांना उन्हाचा त्रास कमी होतो म्हणतात. तिला बरं नव्हतं, एवढं मलाही कळलं. तिला डॉक्टरकडे न्यायची घाई होती. सायकलला जागा नव्हती, आणि सायकल तिथे टाकून मी येणार नाही हे तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलंत. तुम्ही मेंढीकडे बोट दाखवलंत, रस्त्याकडे दाखवलंत, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात चारवर बोट ठेवलंत. चारला येतो.

खरं सांगते काका, मी मान हलवली पण माझा विश्वास बसला नव्हता. सकाळपासून सगळे येतच होते. तुम्हाला ते दिसलं असणार. तुम्ही व्हॅनच्या दारापर्यंत गेलात, थबकलात, परत आलात, पट्टा सोडलात आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलंत.

मी नको नको म्हणत राहिले. तुम्ही माझी बोटं त्याच्यावर मिटवलीत, पुन्हा एकदा काचेवर चारच्या जागी टकटक केलंत आणि निघून गेलात.

जुनं घड्याळ होतं. काचेवर ओरखडे, पट्टा नंतर कधीतरी बदललेला, घामाने काळा पडलेला. मागच्या बाजूला काहीतरी कोरलं होतं. ते मी वाचायचा प्रयत्न केला नाही, ते तुमचं होतं. त्याची किंमत किती असेल मला ठाऊक नाही, पण ते रोज वापरातलं होतं, हातातून काढल्यावर तुमच्या मनगटावर गोरा पट्टा उघडा पडला होता. अनोळखी, कुठून आली, कुठे चालली माहीत नाही अशा बाईला तुम्ही ते देऊन गेलात. कशासाठी, तर तिचा फोन बंद आहे, तिला वेळ कळणार नाही, आणि तिच्याशी आज कोणीतरी बरं वागलेलं नाही.

त्यानंतर मी वाट बघत बसले ती वेगळीच. तेच झाड, तोच बांध, तीच मोडकी सायकल. पण मी चक्क सँडविच खाल्लं. बूट काढून पाय गवतात सोडले. तीन वाजले तेव्हा पेश मेर्लच्या गुहेचं माझं बुकिंग बुडालं. १९२२ साली गावातल्या शाळकरी पोरांना सापडलेली ती गुहा, आत सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे ठिपक्यांचे घोडे. आत सोडायची माणसं मोजकी, त्यामुळे वेळ गेली की गेली. या सहलीत माझा सगळ्यात जास्त जीव त्या घोड्यांत होता. आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं की ते चुकणार, तर मी रडले असते. त्या क्षणी मात्र मी तुमच्या घड्याळात तीन वाजून गेलेले बघितले आणि मनात आलं, अजून एक तास.

पावणेचारला व्हॅन आली. आत गवत झाडून काढलेलं होतं आणि सायकलखाली घालायला जुनं ब्लँकेट होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे आणि बाकीच्यांना तपशिलात रस नसेल. वर पठारावर तुमचं घर, ओक आणि जुनिपरची झुडपं, गारा न लावता रचलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती. तुमच्या गोठ्यात चेन आखूड झाली, डिरेलर पिशवीत गेला आणि माझी बावीस गिअरची सायकल एका गिअरची झाली. काकूंनी पुदिन्याचं हिरवंगार सरबत दिलं. पैसे काढल्यावर तुम्ही असे काही भडकलात की मी घाईने राजगिऱ्याची चिक्की काढली. ती तुम्ही आधी हुंगलीत, मग अर्धी खाल्लीत आणि उरलेली कागदात गुंडाळून खिशात टाकलीत. ती आवडली की नाही हे अजूनही कळलेलं नाही. उतारावरून बुझिएसला आले, सेले तिथे लॉत नदीला मिळते, आणि तिथून नदीकाठाने पेडल मारत काओर शहराला. व्हालाँत्रे पुलाचे तिन्ही बुरूज दिसले तेव्हा दिवे लागलेले होते.

मेकॅनिक मला कुठेही मिळाला असता, काका. उशिरा मिळाला असता, पैसे घेऊन मिळाला असता, पण मिळाला असता. म्हणून चेन तोडून जोडल्याबद्दल आभार मानते ते रीतीचे. घड्याळाबद्दल मात्र कसे मानायचे ते मला अजून कळत नाही. वाट बघायला लावणारी माणसं आयुष्यात इतकी भेटलीत की ती आपल्याला दिसेनाशी होतात. आमच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, "येईल" म्हणतात. दवाखान्यात नातेवाईक ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले असतात, आत-बाहेर करणारा कोणी एक शब्द बोलत नाही. कोणाला वाईट वागायचं नसतं. समोरचा माणूस ताटकळत बसलाय आणि त्या बसण्यात त्याचं काय होतंय, हा विचारच कोणाच्या डोक्यात येत नाही. तुमच्या डोक्यात तो आला. आजारी मेंढी गाडीत असताना आला. मला वाटतं भली माणसं ती हीच. मोठी मदत तर पुष्कळजण करतात, कधी कधी फोटो काढूनही करतात.

त्या कंपनीचंही सांगते, म्हणजे हिशोब पूर्ण होईल. त्यांनी माझ्या डिपॉझिटमधून हँगरचे पैसे कापले. वर 'सायकलमध्ये अनधिकृत फेरफार' असंही लिहिलं, म्हणजे तुमची चेन. मी परत आल्यावर त्यांची मेल आली, आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी तुमच्याबद्दल दोन पानं लिहून पाठवली. उत्तर आलेलं नाही.

आणि एक राहिलं. तुमची मेंढी. तुम्ही परत आलात तेव्हा व्हॅन रिकामी होती आणि विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते. काकूंनी तुम्हाला दारातच काहीतरी विचारलं, तुम्ही खांदे उडवलेत, आणि काकूंनी मान डोलावली. त्यावरून मला काहीच कळलं नाही. ती डॉक्टरकडे राहिली होती ना? बरी झाली का? माझ्यासाठी धावपळ करताना तिच्याजवळ थांबायचं राहून गेलं असं तर झालं नाही ना? हे पत्र कोणी तुम्हाला वाचून दाखवलंच, तर एवढं एक कळवा.

तुमची,
नाशिकची सायकलवाली