अहवाल उघडला की डावपेच परस्पर बदलतात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सामन्याच्या तयारीत दिलेल्या सूचना खेळाकडून परस्पर बदलल्या जाणे, आणि विश्लेषण पॅकची रक्कम परत मिळणे.

महोदय,

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आपला फुटबॉल व्यवस्थापनाचा खेळ मी रीतसर विकत घेतला आहे आणि त्यावर दरमहा विश्लेषण पॅकचे वेगळे पैसेही भरतो. निकाल आठवडाभराच्या तयारीवर ठरतो, असं आपण खेळाच्या माहितीत लिहिलं आहे. मला नेमकं तेच हवं होतं. शेवटच्या अपडेटपासून मात्र मी केलेली तयारी मैदानात उतरतच नाही.

घडतं ते असं. समोरचा संघ ५-३-२ (पाच बचावाला, तीन मध्यात, दोन पुढे) मांडून मागे बसणारा आहे. अशा संघाला दोन्ही बगलांवर एकेकच खेळाडू असतो. म्हणून मी ४-२-३-१ ठेवतो, विंगरला, म्हणजे बगलेवरच्या आक्रमकाला, बाजूच्या रेषेला चिकटून राहायला सांगतो आणि त्याच्या मागून बॅकला, म्हणजे त्याच बगलेवरच्या बचावपटूला, वर पाठवतो, म्हणजे तिथं दोघांविरुद्ध एक होतो. आठवडाभर सरावातही तेच घोटून घेतो. संघाला ही रचना किती अंगवळणी पडली ते दाखवणारी सवयीची पट्टी हिरवी होते. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा अहवाल येतो. तो उघडल्याशिवाय सामना सुरू करायचं बटण पेटत नाही, त्यामुळे उघडावाच लागतो. अहवालाच्या तळाशी एकच बटण आहे, ‘पुढे’. ते दाबलं की सहायक प्रशिक्षकाच्या शिफारशी माझ्या सूचनांवर लादल्या जातात. विचारणा नाही, पूर्वकल्पना नाही.

मग सामन्यात माझा विंगर आत वळतो, बॅक मागेच थांबतो आणि स्ट्रायकरच्या मागे खेळणारा माझा खेळाडू त्यांच्या तीन स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मध्ये जाऊन अडकतो. वर सवयीची पट्टी खाली येते, कारण ज्याचा सराव केला ते खेळलंच जात नाही. पट्टी खाली आली की पास चुकतात, जागा सुटतात. वस्तादानं शिकवलेला डाव पैलवान आखाड्यात उतरताना तिसऱ्याच कुणीतरी बदलून सांगावा, तसला हा प्रकार आहे.

हा माझा निव्वळ संशय नाही. एकाच जतन केलेल्या टप्प्यावरून सामना पुन्हा सुरू करून मी दोन्ही प्रकारांचं चित्रण केलं आहे. अहवालानंतर सूचनांच्या पानावर परत जाऊन सगळं नव्याने भरलं, तर विंगर रेषेवर राहतो. पण पहिला बदली खेळाडू उतरवला की शिफारशी पुन्हा लागू होतात. २०२२ पासून नियमांतच पाच बदलींची मुभा कायम झाली आहे, त्या तीन थांब्यांत आणि मध्यंतराला करता येतात. आपल्या खेळातही तसंच आहे, ते बरोबर आहे. फक्त त्या प्रत्येक थांब्याला मी आठवडाभराची सगळी मांडणी बसून पुन्हा भरायची, ही अपेक्षा असेल तर आम्हाला नोकरी-धंदाही आहे.

आता पैसे देऊन घेतलेल्या विश्लेषणाबद्दल. समोर ५-३-२ असो की मधल्या फळीतले चार हाफ चौकोनात उभे करणारी ४-४-२, सल्ला एकच : ‘मध्यातून खेळा.’ त्या चौकोनात मध्यभागी चौघे दाटीनं उभे असतात आणि मोकळ्या पडतात त्या बगलाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना बघायला बसलेलं शाळकरी पोरही एवढं ओरडून सांगेल, आणि तेही फुकट.

कॉर्नरच्या सरावाबद्दल तर अहवालात दरवेळी ‘फारसा उपयोग नाही’ असंच येतं. २००४ च्या युरो स्पर्धेत ग्रीसनं बाद फेरीतले तिन्ही सामने १-० असे जिंकले. पोर्तुगालविरुद्धच्या अंतिम सामन्यातला तो एकमेव गोल कॉर्नरवरून हेडनंच झाला. दुबळ्या संघाला मोठ्यासमोर उभं राहायचं तर अशीच वाट असते, आणि मी तर मुद्दाम खालच्या विभागातला, पैशानं कफल्लक संघ घेतला आहे. त्यात खरी मजा.

याआधी मी आपल्या मदत कक्षाला लिहिलं होतं. उत्तर आलं की संघाचं मनोबल वाढवा आणि वेगळी रचना वापरून पाहा. माझं पत्र कुणी वाचलं असेल असं त्यावरून वाटत नाही. हरण्याबद्दल माझी कुरकुर नाही. पेठांच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या माणसाला हार पचवता येते. माझ्या डावपेचांनी हरलो तर पुढच्या आठवड्यात मी ते दुरुस्त करीन. इथं कुणाचे डावपेच हरले तेच कळत नाही, मग दुरुस्त काय करायचं?

तरी माझ्या मागण्या अशा. अहवाल वाचणं आणि शिफारस स्वीकारणं यांची बटणं वेगळी करावीत. सामना सुरू होण्याआधी प्रत्यक्ष लागू असलेल्या सूचना एका पानावर दाखवाव्यात, आणि बदली खेळाडू उतरवताना त्यांना हात लावू नये. अपडेटनंतर माझ्या हंगामाचं जे नुकसान झालं, त्यासाठी त्याआधीचा जतन केलेला टप्पा परत द्यावा. अपडेटपासून विश्लेषण पॅकसाठी घेतलेली रक्कम पूर्ण परत करावी. त्याबदल्यात खेळातली नाणी देऊ नयेत, ती मला नकोत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. आधीच्या तक्रारीला आलेलं ते यांत्रिक उत्तर मी निवारण धरत नाही. या पत्राचीही तशीच वासलात लागली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, तेव्हा पुढचा सामना कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर होईल.

आपला,
एक ग्राहक
शिवाजी पेठ, कोल्हापूर

सोबत : दोन्ही सामन्यांचं चित्रण, अहवालाआधीच्या आणि नंतरच्या सूचनांच्या पानांची छायाचित्रं, विश्लेषण पॅकच्या पावत्या, मदत कक्षाचं उत्तर.