तीन बोटांचा ठसा

सोलापूर, ८ मार्च

प्रिय रव्या,

सात महिने झाले. तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावलो नव्हतो. फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास, मीही हसलो असतो आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून लिहितोय. आईची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा बरा आहे, बाकी सगळं ठीक.

नोव्हेंबरात जैसलमेरला गेलो होतो. हो, तुझ्याकडे ओमानला, बिदियाच्या वाळूत येतो म्हणालो होतो आणि गेलो राजस्थानला. विमानाचं भाडं बघितलंस का बे? इकडे माझी मोटरसायकल, एक्सपल्स, रेल्वेच्या पार्सलने जोधपूरपर्यंत पाठवली आणि पुढे चालवत गेलो.

पहिल्या दिवशी समला. जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटर. उंट, जीपा, डीजे, वाळूत वेफर्सची पाकिटं. आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा परवडली, तिथे निदान पाळण्यात तरी बसता येतं. टेकडीला तिकडे धोरा म्हणतात, पण तिथल्या धोऱ्यांवर चाकांच्या एवढ्या रेघा की शाळेचं मैदान वाटावं. मला हवा होता कोणाचं चाक न लागलेला धोरा. त्यासाठी आधीचे सहा महिने रोज रात्री उपग्रहाच्या नकाशात नाक खुपसून बसायचो. बायको म्हणायची, ह्यांचं वाळूत कोणीतरी आहे.

तुला सांगतो, कारण बाकी कोणाला यात रस नाही. नुसता पांढरा पट्टा बघून भुलायचं नाही. पट्ट्यात बारीक टिपके दिसले तर ती झुडपं, म्हणजे वाळू बांधलेली. मग सावली बघायची. उन्हाळ्यात तिकडे वारा नैऋत्येचा, म्हणून धोऱ्याची नैऋत्येची बाजू लांबट, सावकाश चढाची, वाऱ्याने दाबून घट्ट केलेली. ईशान्येची एकदम खाली पडलेली, तीस-चौतीस अंशांची, भुसभुशीत. चढायचं नैऋत्येकडून. उलट बाजूने चढायला गेलास की क्लच प्लेट देवाला. आणि माथ्यावर पोचायच्या आधी गॅस सोडायचा, कारण पलीकडे काय आहे ते दिसतच नाही. मी पहिल्याच धोऱ्यावर सोडला नाही. गाडी एकीकडे, मी एकीकडे, तोंडात वाळू. गुडघ्याचं कारण हेच, आईला जिना सांगितलाय.

टायरची हवा पंधरावर आणली होती. त्याखाली नेली तर टायर रिमवर घसरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो; बरोबरच्या एका पोराचा उपटला, तासभर उन्हात पंप मारत बसलो. पहाटे वाळू थंड आणि घट्ट असते. दहानंतर तीच वाळू तुझ्यासारखी होते, रव्या: जरा भार दिला की खचते.

तिसऱ्या दिवशी नकाशातली ती जागा सापडली. कुठे ते लिहीत नाही, तुलासुद्धा. दोन मोठे धोरे, मध्ये सेवण गवताचं सपाट माळरान, कडेला एक खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमीच. सूर्य नुकताच वर आला होता. एक चाकोरी नाही, एक बाटली नाही. मी दीड तास एकटा वर-खाली करत राहिलो. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता (हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस, ती लगेच इकडे फोन लावेल).

मग पाणी प्यायला सपाटीवर थांबलो. माझ्या चाकाच्या रेघेपासून हातभर अंतरावर ठसा होता. वाळूवर रात्रीची ओल होती, त्यामुळे कडा अगदी स्वच्छ. तीन बोटं. मागचं बोट नाही.

आठवलं का? नववीत, नान्नजला. वीस किलोमीटर सायकली हाणत गेलो होतो, तुझी चेन दोनदा उतरली होती. वनरक्षक काकांनी उकिडवं बसून दाखवलं होतं: मोराला मागे बोट असतं, माळढोकाला नसतं. तू तिथे वहीत ठसा काढलास आणि त्यावर बेसनाच्या लाडवाचं तूप सांडलंस.

मी स्वतःला म्हटलं, तिलोर असेल. थंडीत तिकडे येतो, त्यालाही तीनच बोटं. पण तिलोराचा एवढा मोठा? माझा तळहात ठशावर ठेवून बघितला आणि उठलो. थोड्या वेळाने एक म्हातारा मेंढ्या घेऊन आला. त्याने हनुवटीनेच माळाकडे दाखवलं, "इधर गोडावण बैठता है." गोडावण म्हणजे आपला माळढोकच. मी मान डोलावली, राम राम केला, किक मारली.

आणि संध्याकाळी हॉटेलात बसून ती जागा आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. फोटो आणि पिन. दोनशेच्या वर माणसं आहेत ग्रुपवर. कौतुकाचे अंगठे मोजत झोपलो.

आता तू हिप्परग्याचा तलाव काढणार. काढ. आपली पोहायची जागा तू अख्ख्या वर्गाला सांगितलीस म्हणून मी सहा महिने तुझ्याशी बोललो नव्हतो, आणि पुढे वीस वर्षं प्रत्येक पार्टीत ते उगाळलं. आता मी काय केलंय बघ.

फेब्रुवारीत एकाने व्हिडिओ पाठवला. त्याच जागी चौदा गाड्या, त्यात चार जीपा. धोऱ्यांचं काही नाही, वारा दोन दिवसांत पुसतो. पण त्या सपाटीवर जीपा गोल गोल फिरवल्यात. सेवणाचे झुबके मुळासकट उपटलेत. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "थँक्यू संजयदादा." मी पिन काढली, पण ती तोवर कुठल्या कुठे गेली होती.

बरेच दिवस मनाची समजूत घातली. हे पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात, समोरचं त्यांना नीट दिसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला तारा जमिनीखाली घ्या म्हणून सांगितलं होतं. मग माझ्या दीडशे किलोच्या गाडीने काय होतंय? पण आता उन्हाळा लागतोय. मादी एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर, घरटं नाही काही नाही. जगात उरलेत दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडेच. नान्नजला मी गेल्या वर्षी तीनदा जाऊन आलो, काळवीट दिसले तेवढे.

डेझर्ट नॅशनल पार्क तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यात गावंही आहेत आणि वाळूत हद्दीची रेघ नसते. नंतर नकाशावर नकाशा ठेवून बघितलं. माझी जागा बहुधा आतच येते. वनखात्याला अर्ज लिहून ठेवलाय, की या जागेवर गाड्या येतात, बंदोबस्त करा. पण "तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलं तर? खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहिलं तर गुन्हा माझ्याच नावावर. अर्ज ड्रॉवरमध्ये आहे, पंधरा दिवस. ग्रुपवर त्या ठशाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तिथे तीन बोटांचा अर्थ कळणारा कोणी नाही.

तुझं काय? नवीन कंपनी बरी आहे ना? मुलीचे फोटो बघितले, नाक अगदी काकूंवर गेलंय. काकूंना परवा भेटलो, शेंगा चटणीचा डबा दिलाय, मेमध्ये येशील तेव्हा घेऊन जा. वहिनीला नमस्कार.

ती नववीतली वही तुझ्याकडेच आहे ना? असेल तर त्या पानाचा फोटो पाठव, तुपाच्या डागासकट. त्या ठशाशेजारी तू पट्टी ठेवून माप लिहिलं होतंस, मला आठवतंय. मी माझा तळहात मोजलाय. फोटो पोचेपर्यंत अर्जातली ती एक ओळ रिकामी ठेवतो.

तुझा,
संज्या