डोंगरात मुरणाऱ्या पाण्याला वाट द्या : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

दरड कोसळून माळीण गाव ३० जुलै २०१४ ला गेले, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. जुलै उतरणीला लागेपर्यंत डोंगर पाणी पिऊन तट्ट झालेला असतो. इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती. तेव्हा नुसत्या यादीवर विसंबू नका, ही पहिली विनंती.

सह्याद्रीच्या उतारावर खाली काळा कातळ, वर मुरूम आणि माती. मुरलेले पाणी कातळाशी अडते, त्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि सगळा थर घसरतो. म्हणून वस्तीच्या सर्वांत वरच्या घराच्याही वर, बऱ्यापैकी अंतर सोडून, आडवे गटार हवे. त्याला नैसर्गिक नाल्याकडे सौम्य उतार हवा आणि तळ-बाजूंना सिमेंटचे अस्तर हवेच. अस्तर नसलेला चर पाणी बाहेर नेण्याऐवजी डोंगरातच जिरवतो. याच कारणाने वस्तीवरच्या तीव्र, खोल मातीच्या उतारावर सलग समतल चर (पाणी जिरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) आणि यंत्राने सपाटीकरण थांबवा. माळरानावर उत्तम ठरणारी ही जलसंधारणाची कामे तिथे जीवघेणी ठरू शकतात. मंजुरीआधी भूवैज्ञानिकाची सही सक्तीची करा.

रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापून बांधलेल्या संरक्षक भिंतीही तपासा. भिंतीमागे खडीचा थर आणि साधारण दर दीड मीटरवर पाणी निघायची छिद्रे नसतील, किंवा ती मातीने बुजली असतील, तर भिंतीमागे पाणी तुंबते आणि तीच ढासळते. मे महिन्यात छिद्रे साफ करायला फार खर्च येत नाही.

जमिनीला भेग दिसली की दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजावे. भेग चिकणमातीने ठासून वर ताडपत्री घालावी. दगडगोटे भरले तर पाणी आत जातच राहते. अंतर वाढले, झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, झाडे कलली, तर पंचनाम्याची वाट न पाहता घरे रिकामी करावीत.

महसूल मंडळाचे, म्हणजे अनेक गावांना मिळून एकच असलेले, पर्जन्यमापक बहुधा खाली असते आणि माथ्यावरचा पाऊस वेगळा. प्रत्येक धोक्याच्या वाडीत साधे पर्जन्यमापक द्या, दर तीन तासांनी नोंद ठेवा. चोवीस तासांचा आणि मागच्या तीन दिवसांचा मिळून किती पाऊस झाला की हलायचे, तो आकडा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून वाडीनिहाय ठरवून घ्या. आकडा गाठला की सरपंच वा पोलीस पाटील यांनी कुणाला न विचारता, अंधार पडण्यापूर्वी लोकांना हलवावे, असा लेखी आदेश आणि निवाऱ्याच्या शाळेची किल्ली त्यांच्याकडे ३१ मेपूर्वी पोहोचवा.

आपले,
दरडप्रवण भागात काम करणारे अभियंते व भूवैज्ञानिक