‘कोणताही सेल चालेल’ असे छापून विकलेल्या टॉर्चची वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
प्रत माहितीसाठी : व्यवस्थापकीय संचालक

विषय : एका सेलवर चालणाऱ्या खिशातील टॉर्चमधील दोष, सोबत मिळालेला लिथियम सेल निकामी होणे आणि आपल्या प्रतिनिधीचे आज दुपारचे वर्तन.

संदर्भ : खरेदीचे बिल, सेवा केंद्राचा लेखी शेरा व वॉरंटी कार्ड (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीने माझे बोलणे पूर्ण होण्याआधी फोन ठेवला आणि पाठोपाठ माझ्या मोबाइलवर ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. तक्रार निकालात निघालेली नाही. यापुढे मी आपल्याला फोन करणार नाही. जे काही असेल ते लेखी व्हावे, म्हणून हे पत्र.

टॉर्च आपणच बनवता, तेव्हा त्याचे वर्णन करण्यात वेळ घालवत नाही. बाजूला बटण, बुडाशी लोहचुंबक आणि सोबत चार्जिंगची खाच असलेला १४५०० आकाराचा (म्हणजे दिसायला पेन्सिल सेलएवढाच, पण ३.७ व्होल्टचा) लिथियम सेल, असे ते मॉडेल आहे. त्याच्या पेटीच्या दर्शनी बाजूवर आपण ठळक अक्षरांत लिहिले आहे की साधा पेन्सिल सेल (एए), रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि १४५०० लिथियम सेल, यांपैकी कोणताही चालेल. हे एक वाक्य वाचून मी सुमारे २,८०० रुपये मोजले. ते वाक्य नसते तर याच्या निम्म्या किमतीत दुसरा टॉर्च मिळत होता.

मी जुन्नर तालुक्यात खासगी पशुवैद्यकीय व्यवसाय करते. गाय अडली की ती सकाळी दहाची वाट पाहत नाही, आणि वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वीज केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही. आतच बॅटरी असलेले चार्जिंगचे टॉर्च मी यापूर्वी वापरले आहेत. त्यांतली बॅटरी दमली की अख्खा टॉर्च टाकून द्यावा लागतो, आणि रात्री मध्येच उतरली तर गोठ्यात चार्जर लावत बसता येत नाही. १८६५० या जाडजूड लिथियम सेलचे टॉर्च उत्तम असतात, परंतु ते एप्रनच्या खिशात मावत नाहीत. १६३४० किंवा सीआर १२३ए या बुटक्या लिथियम सेलवर चालणारे टॉर्च आकाराने लहान असतात खरे, पण तसला सेल आमच्याकडच्या किराणा दुकानात मागितला तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. पेन्सिल सेल मात्र भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि रिमोटसाठी प्रत्येक दुकानदार ठेवतोच. म्हणून रोजच्या वापराला लिथियम सेल आणि तो संपला तर वाटेतल्या कोणत्याही दुकानातला पेन्सिल सेल, असा सरळ हिशोब करून मी आपला टॉर्च निवडला. हा हिशोब माझ्या मनचा नव्हता, आपल्याच पेटीवर छापलेला होता.

आता दोष सांगते. आपल्या टॉर्चमध्ये पेन्सिल सेल घातला आणि टॉर्चला किंचित धक्का बसला की तो बंद पडतो. कारण शोधायला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. पेन्सिल सेलची लांबी साधारण ५०.५ मिलिमीटर असते. आपण सोबत दिलेला सेल, चार्जिंगची खाच त्याच्या अंगातच बसवलेली असल्यामुळे, माझ्या मुलाच्या व्हर्नियरवर जवळजवळ ५३ मिलिमीटर भरला. नळी आपण स्वतःच्या लांब सेलच्या मापाने कापली आणि उरलेली अडीच मिलिमीटरची उणीव भरून काढण्याचे काम झाकणातल्या एका पातळ स्प्रिंगवर सोपवले. ती स्प्रिंग काही दिवसांत दबून बसली. त्यानंतर धक्का बसला की क्षणभर जोडणी सुटते, आणि बटण इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे जोडणी परत जुळली तरी टॉर्च आपोआप लागत नाही, बटण पुन्हा दाबावे लागते.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो, हेही लिहून ठेवते. टॉर्च चुंबकाने गोठ्याच्या लोखंडी खांबाला चिकटवलेला, वासराचा पुढचा एक पाय मागे दुमडलेला, माझा उजवा हात खांद्यापर्यंत आत आणि डाव्या हाताला वंगण. गाईने कूस बदलताना खांबाला धक्का दिला आणि गोठ्यात अंधार झाला. बटण दाबायला माझ्याकडे हात शिल्लक नव्हता. गाईच्या मालकाने आपला मोबाइल उजळून धरला म्हणून वासरू जिवंत बाहेर आले. त्याच्या मोबाइलच्या टॉर्चवर ‘कोणताही सेल चालेल’ असे काही लिहिलेले नव्हते.

उजेड कमी पडतो अशी माझी तक्रार नाही, हे स्पष्ट करते. दीड व्होल्टच्या सेलकडून ३.७ व्होल्टच्या सेलइतका प्रकाश मागण्याइतकी मी अजाण नाही. तीन तास चालणारा टॉर्च अडीच तास चालला, अशीही तक्रार नाही. टॉर्चच्या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालला’ म्हणून धरतात, हे मला माहीत आहे आणि ते मी मुकाट्याने मान्य करते. पेटीवर लिहिलेला सेल आत घातल्यावर टॉर्च लागलेला राहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही तक्रार पहिल्यांदा नोंदवली तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सल्ला दिला की झाकण आणि सेल यांच्यामध्ये चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची घडी ठेवावी. पाच वर्षांची वॉरंटी असलेल्या वस्तूला हा उपाय सुचवला जातो याचे आश्चर्य वाटले, तरी मी तो केला. पुढे टॉर्च पुण्याच्या सेवा केंद्रात दिला तेव्हा तो दुरुस्त न होता परत आला आणि सोबतच्या कागदावर शेरा होता : ‘टॉर्चमध्ये बाह्य वस्तू आढळल्याने वॉरंटी लागू नाही.’ ती बाह्य वस्तू म्हणजे आपल्याच कंपनीने सांगितलेला चांदीचा कागद. सल्ला देणाऱ्या विभागाची आणि शेरा मारणाऱ्या विभागाची एकदा गाठ घालून द्यावी, अशी नम्र सूचना आहे.

मधल्या काळात मला सांगण्यात आले की पेन्सिल सेल नीट बसत नसेल तर कंपनीचा सेल वापरावा. तोही वापरला. काही आठवड्यांत तो मेला. मल्टिमीटर लावल्यावर २ व्होल्टच्याही खाली गेलेला आढळला. लिथियम-आयन सेल अडीच व्होल्टच्या खाली नेऊ नये, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नसावी. सेल उतरत आला की आपल्या टॉर्चचे सर्किट त्याला बहुधा पेन्सिल सेल समजते आणि थांबण्याऐवजी शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहते. तिन्ही सेल चालवायचे असतील तर कोणता सेल आत आहे हे ओळखण्याची सोय सर्किटमध्ये हवी, नाहीतर निदान सोबतच्या सेलमध्ये संरक्षण-पट्टी, म्हणजे सेल फार उतरला की प्रवाह तोडणारे छोटे सर्किट, हवी. दोहोंपैकी एक जरी काम करत असते तर सेल इतका खाली गेला नसता. त्यावर आपल्याकडून उत्तर मिळाले की सेल ‘उपभोग्य वस्तू’ असल्यामुळे वॉरंटीत येत नाही. तो रात्रभर चार्जिंगला लावून पाहावा, आणि तोपर्यंत पेन्सिल सेल वापरावा. इतक्या खाली गेलेला लिथियम सेल बळेच चार्ज करणे धोक्याचे असते, तेव्हा तो सल्ला मी मानला नाही. पेन्सिल सेल नीट बसत नाही म्हणून कंपनीचा सेल, आणि कंपनीचा सेल मेला म्हणून पेन्सिल सेल, या फेऱ्यात आपण मला फिरवत ठेवले आहे.

आता आज दुपारच्या संभाषणाकडे येते. आपण सेवेच्या दर्जासाठी संभाषणे ध्वनिमुद्रित करता असे सुरुवातीलाच ऐकवले जाते, तेव्हा पुढील मजकूर आपल्याला पडताळून पाहता येईल.

प्रतिनिधीने विचारले, “मॅडम, सेल कोणता टाकला होता?” मी सांगितले, रिचार्जेबल पेन्सिल सेल, २००० एमएएचचा. त्यावर थोडा वेळ शांतता, मग कळफलकाचा आवाज आणि मग निदान : “मॅडम, आपला कंपनीचा सेल ८०० एमएएचचा आहे. तुम्ही २००० चा टाकला. अडीचपट पॉवर गेली, त्यामुळे टॉर्च खराब झाला.”

मी शांतपणे सांगितले की एमएएच म्हणजे सेलमध्ये साठलेला विद्युतभार, टॉर्चवर पडणारा दाब नव्हे. माझा सेल १.२ व्होल्टचा आहे आणि आपला ३.७ व्होल्टचा, त्यामुळे गुणाकार करून पाहिला तर माझ्या सेलमध्ये एकूण ऊर्जा २.४ वॉट-तास आणि आपल्या सेलमध्ये जवळजवळ ३ वॉट-तास आहे, म्हणजे उलट आपलाच सेल थोडा जास्त भरतो. यावर ते म्हणाले, “मॅडम, ते टेक्निकल आहे.” मी म्हटले, मीही तांत्रिकच बोलते आहे. त्यावर त्यांनी अतिशय गोड आवाजात विचारले, “घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांच्याकडे फोन देता का? त्यांना मी समजावून सांगतो.”

महोदय, घरात पुरुष आहेत. माझे पती मराठीचे प्राध्यापक आहेत आणि सेलची बेरीज-वजाबाकीची बाजू अजूनही मला विचारून ठरवतात. मुलगा अभियांत्रिकीला आहे, पण व्हर्नियर त्याचा असला तरी माप मी घेतले होते. टॉर्च माझा, बिल माझ्या नावाचे, गोठ्यातला अंधारही माझ्याच वाट्याला आलेला. तेव्हा ज्या पुरुषाला आपले प्रतिनिधी समजावून सांगणार होते, तो नेमका काय समजून घेणार होता? मी हेच विचारले. उत्तर आले, “मॅडम, तुम्ही चिडू नका.” मी चिडले नव्हते, त्यानंतर चिडले. मग मी त्यांना पेटीवरचे वाक्य वाचून दाखवले. ते म्हणाले, पेटीवर मार्केटिंगचे लिहिलेले असते, वॉरंटी कार्डवर बघा, ‘कंपनीचाच सेल वापरणे बंधनकारक’ असे आहे. मी ते वाचलेले होतेच. भिंग लावून वाचावे लागते एवढ्या बारीक अक्षरांत ते छापले आहे. म्हणजे तिन्ही सेल चालतील हे दुकानात वाचायचे आणि एकच चालेल हे घरी आल्यावर वाचायचे, असे का, एवढे मी विचारत असतानाच फोन ठेवला गेला.

आपल्या कंपनीचा एक मोठा टॉर्च माझ्याकडे अनेक वर्षे होता, दोनदा पाण्यात पडूनही चालला, आणि त्याच्या भरवशावर मी तालुक्यातल्या इतर पशुवैद्यकांना आपले नाव सुचवत आले. ते आता थांबवले आहे. ज्यांना सुचवले त्यांनाही कळवते आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. पेन्सिल सेल घट्ट बसेल आणि धक्क्याने बंद पडणार नाही असा टॉर्च व त्यासोबत संरक्षण-पट्टी असलेला नवा लिथियम सेल मिळावा. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत मिळावी. चांदीच्या कागदावरून मारलेला शेरा लेखी रद्द व्हावा. आजच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, ते ग्राहक आयोगापुढे लागेल. आणि पेटीवरचे वाक्य किंवा वॉरंटी कार्डावरचे वाक्य, दोहोंपैकी एक आपण पुसावे. कोणते पुसायचे ते आपण ठरवा, पण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पेन्सिल सेल चालत नसेल तर तसे पेटीवर छापा; मी तो टॉर्च घेणार नाही, एवढेच होईल.

या पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे मला आपल्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागणार नाहीत, आणि इतक्या किमतीच्या वस्तूसाठी शुल्कही पडत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, हेही आपल्या कायदा विभागाला विचारून घ्यावे. शिवाय सोबत दिलेल्या लिथियम सेलच्या वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक मला कोठेही सापडलेला नाही. तो कोठे छापला आहे हे उत्तरात कळवावे. माझ्या नजरेतून सुटला असण्याचा संभव फार कमी आहे, कारण वॉरंटी कार्ड वाचण्यासाठी भिंग हातात होतेच.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, पेटीचे छायाचित्र, सेवा केंद्राचा शेरा, मल्टिमीटरवरील आकड्याचे छायाचित्र.

ता. क. : मेलेला सेल मी पाकिटात घालून पाठवत नाही. बॅटरी कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तो वेगळा ठेवला आहे. आपल्या माणसाने पावती देऊन घेऊन जावा.