दोघांपुरतं

पुणे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ती. आई आणि ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच फोनवर बोललो आणि आज पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण फोनवर "रात्री काय जेवलात?" असं विचारलं की आई, तू "जेवलो रे, तू नको काळजी करू" म्हणतेस आणि लगेच नातीच्या शाळेचं विचारतेस. तो विषय तिथेच राहतो. म्हणून सगळं सावकाश लिहून काढतोय. एकदा दोघं मिळून वाचा, आणि बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आईचा चष्मा अजून बदललेला नाही, मला माहीत आहे.

दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री नातीला थालीपीठ हवं होतं. तू जरा आडवी झाली होतीस, म्हणून मीच भाजणीचा डबा शोधायला लागलो. तो तुझा उंच स्टीलचा डबा, झाकणाला पोचा आलेला, जागेवरच होता. उघडला तर आत टोस्ट. शेजारच्या फळीवर सूपची पाकिटं, नूडल्स, गरम पाणी ओतलं की होणारा उपमा. मी तुला हाक मारून विचारलं, तर तू आतूनच म्हणालीस, "अरे, दोघांसाठी काय मांडायचं आता?"

महिना होऊन गेला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आई, तू सात माणसांचं दोन्ही वेळचं केलंस. आजीच्या पथ्याचं वेगळं, बाबांच्या शाळेचा डबा वेगळा. आम्ही तिथे होतो तेव्हाही तू चार दिवस उभी होतीस, पाय सुजेपर्यंत. आम्हाला गाडीत बसवलं की त्या संध्याकाळपासून परत टोस्ट आणि सूप. तुम्ही दोघंच उरलात म्हणून चूल मांडण्याइतके राहिला नाहीत, हा हिशोब मला अजिबात मान्य नाही. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचा सगळा तपशील आहे.

बाबांना चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाचं विचारलं होतं. बाबा म्हणाले, "हलकंच असतं." मीही मान डोलावली, कारण मलाही तसंच वाटत होतं. घरी येऊन पाकीट उलटं करून वाचलं. त्यावर मीठ किती असं लिहिलेलं नसतं, सोडियम किती ते लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, तेही बघावं लागतं. बाबा, तुम्ही गणित शिकवलंत, पुढच्या वेळी दुकानात उभं राहून हा हिशोब तुम्हीच करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यात दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात सकाळची भाजी, आमटी, लोणचं, पापड सगळं आलं. सूप पोटाला हलकं लागतं, पण रक्तदाबाला ते हलकं नाही.

पाकिटावरची दुसरी गोष्ट म्हणजे घटकांचा क्रम. जे वजनाने सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहावं लागतं. "भाज्यांचं सूप" म्हणून आणलेल्या पाकिटावर भाजीच्या आधी पीठ, साखर, मीठ यांची नावं आली असतील, तर तुम्ही काय पिताय ते कळतं. खारी-टोस्ट हा मैदाच, आणि खारीचे पदर वनस्पती तुपाशिवाय सहसा सुटत नाहीत. चहाबरोबर कधीतरी खा, पण ते जेवण नव्हे.

आता आई म्हणेल, मग काय सगळं घरी दळायचं-कांडायचं का? नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची वेगळीच वर्गवारी मांडली. पदार्थात काय आहे याच्यापेक्षाही त्यावर काय काय केलं गेलंय हे बघा, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशोबाने डाळ, तांदूळ, दळलेलं पीठ, पोहे, दूध, साधं दही हे सगळं चांगल्याच बाजूला येतं. डाळ भरडली, गहू दळला, म्हणून काही बिघडत नाही. फ्रिजरमधले नुसते मटारदेखील चालतात. बिघडतं ते कारखान्यात रंग, वास, चव आणि टिकण्यासाठीचं काय काय घालून जे तयार होतं त्यात. मी घरी साधी खूण ठेवली आहे. पदार्थ हातात घेतल्यावर तो कुठल्या शेतातून, कुठल्या गोठ्यातून आला हे सांगता आलं पाहिजे. नूडल्सच्या त्या मसाल्याच्या पुडीबद्दल मला ते सांगता येत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. साडेसातला घरी पोचतो, साडेआठला पानं घेतो. त्यामुळे खाली लिहितोय ते सगळं केलेलं आहे, ऐकीव नाही. आणि आई, यातलं एकही मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून शिकलेलो नाही. तुझंच तुला परत पाठवतोय, फक्त दोघांच्या मापाने.

खिचडी आधी. अर्धी वाटी इंद्रायणी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ. तू पूर्वी डाळ मूठभरच घालायचीस, आता बरोबरीने घाल. वय झालं की स्नायू झिजतात, त्यांना प्रथिनं लागतात, आणि मुगाच्या डाळीत १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. अर्धा तास भिजवून ठेव, म्हणजे गॅस कमी लागतो आणि बाबांना पोट फुगल्यासारखं होत नाही. चमचाभर तूप, जिरं, हिंग, हळद, दोन मिरं ठेचून, घरात असेल ती भाजी चिरून: दुधी, गाजर, फरसबी, काहीही. चार वाट्या पाणी, चार शिट्ट्या. इंद्रायणी मुळातच चिकट, मऊ होतो, बाबांच्या कवळीला त्रास नाही. वर लिंबू पिळ. लिंबू आणि कोथिंबीर सढळ असली की मीठ निम्म्यावर आणलं तरी चालतं. पहिले आठ-दहा दिवस अळणी लागेल, मलाही लागलं. मग जिभेला सवय होते आणि बाहेरचं खारट वाटायला लागतं.

पिठलं तर दहा मिनिटांचं. तू उकळत्या पाण्यात एका हाताने पीठ भुरभुरवत दुसऱ्या हाताने घोटायचीस. ते आता मनगटाला झेपत नाही, तर करू नकोस. अर्धी वाटी बेसन दीड वाटी गार पाण्यात आधीच कालव, गुठळी राहत नाही. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की हळद आणि ते कालवलेलं पीठ ओत. आच मंद कर, हलवत राहा. कडेला बुडबुडे येऊन पीठ चमकायला लागलं की झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. झाकण काढल्यावर लसणाचा जो वास येतो, त्याने आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा वाटी घेऊन खाली आल्या होत्या. इथे पुण्यात! त्यांना निम्मं दिलं.

भाकरीचं मला माहीत आहे. तुला थापवत नाही, त्याचं तुला वाईट वाटतं, आणि मग भाकरी नाही तर जेवणच कशाला असं होतं. आपल्या आजीच्या कण्या आठव. गिरणीत ज्वारी भरडून आणा, बारीक रव्याहून जराशी जाड. पीठ चाळून काढा, ते धिरड्याला होतं. अर्धी वाटी कण्या दोन तास भिजवून चौपट पाण्यात कुकरला लावायच्या, पाच शिट्ट्या. निवल्यावर ताक आणि मीठ घालायचं, वरून लसणाची फोडणी. ताक गरम असताना घातलं तर फाटतं, एवढंच सांभाळायचं. आजी पितळीत घेऊन भुरके मारायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. थापणं नाही, भाजणं नाही, आणि पोटात ज्वारीच गेली.

वाघ्या घेवड्याचं विसरू नका. कोरेगावचा घेवडा आपल्या अंगणातला, आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि तुम्ही तो फक्त आम्ही आलो की काढता. सकाळी मूठभर भिजत टाकला की रात्री आमटी होते. शिजवायच्या आधी भिजवलेलं पाणी ओतून द्या, आणि तो चांगला मऊ, बोटाने चिरडेल असा शिजू द्या. अर्धवट शिजलेला घेवडा पोटाला बाधतो. कांदा-खोबरं भाजून वाटायचा कंटाळा आला तर नुसता लसूण आणि चमचाभर दाण्याचं कूट घालून बघ. वेगळी होते, पण छान होते.

पालेभाजीचं काम मात्र बाबांचं. हे मी फार विचार करून लिहितोय. लहानपणी बाबा शाळेतून आले की अंगणात पेपर पसरून मेथीची जुडी सोडायचे. एकेक काडी उचलायची, पानं खुडायची, देठ डावीकडे. मी समोर बसून पाढे म्हणायचो. तेरा साते चुकलं की हातातली काडी थांबायची, मी दुरुस्त केलं की पुढे चालू. आई आतून म्हणायची, "कोवळे देठ टाकू नका हो, वरणात घालते." बाबा, तेव्हा तुम्ही चाळीस मुलांच्या वह्या तपासून आल्यावर हे करायचात. आता दुपार मोकळी असते. चार वाजता टीव्ही लावण्याऐवजी मंडईत जाऊन या. तेवढंच चालणं होतं, आणि या दिवसांत तिथे काय नाही? मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा, कोवळा मुळा. एक जुडी आणायची, निवडून, धुऊन, कापडात गुंडाळून ठेवायची. मग आईला सात वाजता फक्त फोडणी टाकायची उरते. आणि ती फोडणी स्टुलावर बसून टाकता येईल असा ओटा आपल्याकडे नाही, म्हणून बैठी शेगडी आणायचं माझ्या मनात आहे. त्यावर तुमचं काय म्हणणं ते कळवा, परस्पर आणणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. "लो सोडियम" लिहिलेलं मीठ शेजारच्यांनी सुचवलं असं आई म्हणत होती. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर ते बाधू शकतं. साधंच मीठ, पण कमी. दुसरं, उरलेला भात-खिचडी रात्रभर ओट्यावर ठेवू नका. निवली की लगेच फ्रिजमध्ये.

पापड आणि लोणचं बंद करा असं मी सांगणार नाही. पापडखारातही सोडियम असतं, म्हणून पापड रोज नको, आणि लागला तर अर्धा-अर्धा. तुझं लिंबाचं लोणचं तर बाबांच्या पानातून काढायची माझी हिंमत नाही. फक्त फोड एकच.

आई, मला कळतं की कंटाळा स्वयंपाकाचा नसतो. संध्याकाळ झाली की घर शांत होतं, कुणी "भूक लागली" म्हणत येत नाही, मग कुकर काढावासा वाटत नाही. आम्ही तिथे नाही, याचं मला रोज वाईट वाटतं आणि त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. पण तू आम्हाला एकदाही "आज काही केलं नाही" म्हणाली नाहीस. ताप असतानासुद्धा मेतकूट-भात तरी असायचाच, गरम, वर तुपाची धार. तसाच गरम घास रात्री तुझ्या आणि बाबांच्या पानात पडावा, असं मला फार वाटतं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस दूध-पोहे, दही-पोहे, काहीही चालेल.

पुढच्या शनिवारी मी येतोय, एकटाच. दोन लिटरचा छोटा कुकर घेतलाय, तुझा पाच लिटरचा उचलायला जड होतो. भाजणीही आणतोय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, गहू, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं भाजून गिरणीतून आणलंय, तू सांगितलेल्या मापानेच. उडीद थोडा जास्त भाजला गेलाय का ते तूच वास घेऊन सांग. तोवर तो उंच डबा रिकामा करून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवा.

आणि हे पत्र मिळेल त्या रात्री काय केलंत, ते फोनवर सांगा. बाबांनी सांगितलं तरी चालेल.

तुमचा,
बाळू