लाच घेत नाही म्हणून एकट्या पडलेल्या मित्रास

अहिल्यानगर
(पाटी बदलली, पण आपण नगरचेच)

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझी लांबलचक मेल मिळाली. फोनवर ‘मजेत’ म्हणायचं आणि खरं काय ते लिहून कळवायचं, ही तुझी कॉलेजपासूनची खोड. म्हणून मीही लिहूनच उत्तर देतोय. औषधांचं दुकान बंद करून आलोय, जेवण झालंय, घरात सामसूम आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे म्हणून टीव्ही बंद ठेवायचं पोरांनी स्वतःहून ठरवलंय. किती दिवस टिकतं बघू.

तू लिहिलंस, रविवारी प्रभुभोजन घेऊन उठलो की वाटतं आता कोणी आपल्याला हलवू शकत नाही, आणि मंगळवारी बांधकामाच्या साइटवर पाय ठेवला की पुन्हा तेच विचार. मग माझा विश्वास खोटा का?

अरे, बायबलमधल्या मत्तयाचा तिसरा अध्याय संपतो तिथून पुढे न थांबता वाच. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा, आकाश उघडलं, हा माझा पुत्र म्हणून वाणी झाली, आणि लगेच पुढच्या ओळीत अरण्य, चाळीस दिवसांचा उपास आणि सैतान. मध्ये एक दिवसाचीही उसंत नाही. तुझा रविवार आणि तुझा मंगळवार त्याच क्रमाने येतात, यात खोटं काय आहे? आणि लूक तर पुढे जाऊन सांगतो की सैतान त्याला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंतच. म्हणजे जिंकल्यावरही प्रकरण मिटलेलं नव्हतं. मोह होणं आणि मोहाला बळी पडणं यांत फरक आहे, हे आपल्याला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. पण आपल्याला मनातून वाटतं की खऱ्या विश्वासणाऱ्याला मोहच होत नसेल. हे डोक्यातून काढून टाक. ज्याच्या नावाने आपण प्रार्थना संपवतो, त्याला झाला.

आता तुझ्या मिठाईच्या बॉक्सबद्दल. दिवाळीत काजूकतलीच्या खाली पाकीट निघालं आणि तू ते दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसात नेऊन दिलंस, हे वाचून मला बरं वाटलं. तेव्हापासून ऑफिसात ‘आले आमचे येशू’ म्हणतात, चहाला बोलवत नाहीत, वर बदलीची हवा उठवतात, हे वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू? पैशाचा मोह तुला फारसा नाहीच. तुला मोह होतोय तो चहाचा. चारचौघांत बसावं, ‘आपला माणूस’ म्हणून कोणी पाठीवर थाप मारावी, याचा. येशूचा शिष्य पेत्र प्रभूला नाकारतो ते कोणी त्याला पैसे देऊ केले म्हणून नव्हे. थंडी होती, अंगणात विस्तव होता, आणि शेकत बसलेल्यांत एकटं पडायची भीती होती. म्हणून तू मला लिहिलेलं ‘एवढ्या-तेवढ्याने काय होतं, थोडं जुळवून घ्यावं का’ हे वाक्य मला पाकिटापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

माझ्या काउंटरवर काय होतं ते सांगतो. रात्री गर्दी ओसरली की एखादा पोरगा येतो, विशीतला. इकडेतिकडे बघतो, मग हळूच झोपेच्या गोळ्यांचं नाव घेतो. ही औषधं शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून द्यायची. 2014 पासून नियम आहे: डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी कुठाय म्हटलं की पोरगा म्हणतो, ‘काका, डबल देतो ना.’ नाही म्हटलं की ठरलेलं वाक्य येतं: ‘सगळीकडे मिळतं.’ तुझा ठेकेदार म्हणतो ना, ‘साहेब, सगळेच घेतात’? माणसं वेगळी, धंदा वेगळा, पण वाक्य बघ कसं एकाच घरातलं आहे.

मी देत नाही. पण त्याबद्दल माझं कौतुक करू नकोस, कारण डोक्यावर मालकाने कॅमेरा लावलाय आणि स्टॉकचा हिशेब रोज जुळवावा लागतो. माझ्या प्रामाणिकपणातला किती वाटा पवित्र आत्म्याचा आणि किती सीसीटीव्हीचा, हे मला खरंच सांगता येणार नाही. पूर्वी याची लाज वाटायची. आता वाटत नाही. अंगात ताकद नसेल तर भिंतीला धरून चालावं, पण चालावं. तुमच्याकडे तर लाचलुचपतवाल्यांची भीती आहेच. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात आणि हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. (हीच पूड एके काळी जुलाबाच्या गोळ्यांत असायची. घेणाऱ्याची अवस्था नंतरही तशीच होत असावी.) भीतीला कमी लेखू नकोस, तिचा उपयोग आहे. पण ती पूड लावलेल्या नोटेपुरतीच चालते. बिनपुडीच्या गोष्टी कितीतरी असतात. तू लिहिलंस तसं, साइटवर क्यूब (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) न भरताच अठ्ठावीस दिवसांच्या टेस्टचा रिपोर्ट फाइलला लागतो आणि तुला फक्त खाली सही करायची असते. यात पाकीट नाही, मिठाई नाही, हात गुलाबी व्हायचा प्रश्न नाही. नुसती सही. माझ्या मते तुझी खरी परीक्षा तिथे आहे.

आणि इथेच मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तुझ्या सगळ्या मेलमध्ये ‘माझे हात’, ‘माझं मन’, ‘माझी साक्ष’ हेच आहे. ती खोली कोणासाठी बांधताय, ते एकदाही आलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली आहे ना? ठेकेदार साहेबांचा टक्का स्वतःच्या खिशातून देत नाही, हे तूच मला समजावलं होतंस. तो सिमेंटातून निघतो, सळईतून निघतो, आणि उन्हाळ्यात स्लॅबवर पाणी मारायला टँकर सांगायचा नाही, त्यातून निघतो. उद्या त्या स्लॅबखाली पहिली-दुसरीची पोरं बसणार. तू स्वतःला स्वच्छ ठेवण्यासाठी झगडत राहिलास तर थकशील, आणि एक दिवस म्हणशील की हात थोडे मळले तर मळले, नंतर धुऊ. त्या पोरांसाठी झगडलास तर थकलास तरी सही करताना हात आखडेल. मलाही रजिस्टर बघून हिंमत येत नाही. त्या पोराची आई दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्या न्यायला माझ्याकडेच येणार असते, ते आठवलं की येते.

नोकरी सोडून सेमिनरीला जावं म्हणतोस. जा, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असेल तर जा. पण मोहापासून पळायला म्हणून जाऊ नकोस. मंडळ्यांच्या मालमत्तांवरून कोर्टात किती दावे पडलेत, हे नगरात वाढलेल्या माणसाला मी काय सांगू? लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात, शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? मला तो प्रसंग फार आवडतो. योहान स्वतः अरण्यात राहणारा, पण त्यांना तो अरण्यात या म्हणत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कोणाला लुबाडू नका, पगारात समाधानी राहा. बस्स, एवढंच. त्यांच्या नाक्यावर आणि त्यांच्या छावणीतच त्यांना परत पाठवतो. आणि ते पगाराचं वाक्य आहे ना, ते तू आणि वहिनी दोघांनी मिळून वाचा, कारण गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता आणि पोरीच्या क्लासची फी हे सगळं पगाराच्या बाहेर चाललंय, असं तुझ्याच मेलमध्ये आहे. अरण्यातला पहिला मोहसुद्धा भाकरीचाच होता, आणि भूक खरी होती. ठेकेदाराला तुझ्या श्रद्धेशी काही देणंघेणं नाही, त्याला तुझ्या हप्त्याची तारीख माहीत असते. गाडी विकायचं तू विनोदाने लिहिलंयस. मी गंभीरपणे म्हणतो, विक.

ऑफिसात कसं वागावं, याचं उत्तर मला दानीएलमध्ये सापडतं. बाबेलच्या राजाच्या ताटातलं खायचं नाही, हे त्याने ताट समोर यायच्या आधीच मनाशी ठरवलेलं. पण त्याने भर पंगतीत उभं राहून भाषण ठोकलं नाही. वरच्या अधिकाऱ्याला राजाची भीती वाटत होती. ती भीती त्याने समजून घेतली आणि कारभाऱ्याला अदबीने म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा. तसं काहीतरी कर. ठेकेदाराला घरी भेटू नकोस, साइटवर भेट, आणि सोबत कोणीतरी असू दे. मोजमापं त्याच दिवशी, तिथेच उभं राहून एम.बी.मध्ये, म्हणजे मोजमाप वहीत, लिही. क्यूब तुझ्यासमोर भरले तरच रिपोर्टवर सही, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगून टाक, हसतमुखाने. आणि त्याचं बिल मात्र एक दिवसही अडवू नकोस. टक्का न घेणारा साहेब बिल वेळेवर काढतो, हे त्याला दिसू दे. न घेणारे बरेच जण काम लटकवून ठेवतात आणि त्यालाच सचोटी समजतात. मला त्यांचा राग येतो.

रागावरून आठवलं. तुझ्या मेलचा शेवटचा परिच्छेद, ‘या ऑफिसात सगळे चोर, मी एकटाच’ वगैरे, तो मला आवडला नाही. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरही नेलं होतं. भाकरीने जमलं नाही म्हणून उंचीने बघितलं. पैसे न घेणाऱ्याला हा दुसरा मोह हमखास होतो, आणि तो फार आतून होतो, कारण त्याला पाप म्हणायला जीभ रेटत नाही. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या ज्या भाऊसाहेबांना तू नावं ठेवलीस, त्यांनी तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला माणसं आणली होती, हेही तूच सांगितलं होतंस. त्यांच्यासोबत चहाला बस. बोलवत नसतील तर तू बोलव, बिल तू दे.

रात्रीच्या फोनबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, त्याही आडून-आडून. कळलं मला. त्याबद्दल फार बोलत नाही, एवढंच सांगतो: तिथे प्रार्थना करत फोन हातात धरून बसू नकोस. मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोने धरलं तेव्हा योसेफ चर्चा करत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात राहिलं तरी पळाला. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव आणि झोपायच्या खोलीत साधं गजराचं घड्याळ ठेव. आणि हे दुसऱ्या कोणाला तरी सांग. मला सांगितलंस ते बरंच झालं, पण मी लांब आहे. याकोबाने लिहिलंय की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, पण आपल्या मंडळ्यांत साक्ष म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं पाप आणि आजचा विजय. आजचं पाप कोणी उभं राहून सांगत नाही. तुझ्या तिथले पाळक तरुण आहेत म्हणालास. त्यांच्याकडे जा, फाटकाशी घुटमळू नकोस, सरळ आत जा.

लगेच सगळं सुटेल असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात नवऱ्याकडे परत राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं चालूच होतं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ते एकेक करून सुटत गेलं, आणि हे सगळं त्यांनी नंतर हसतहसत लिहून ठेवलं. टिळकांसारखा तापट माणूस त्या बाबतीत थांबला, ही मला त्यांच्या कवितांइतकीच मोठी गोष्ट वाटते. तूही स्वतःच्या बाबतीत थोडा थांबायला शिक. वहिनी तुझ्याबाबतीत थांबल्याच आहेत, त्यांचं ऐक.

बाकी इकडे ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण भजनाला जायचं सोडत नाही, पेटीवाल्याचा सूर चुकला तर अजूनही मान हलवते. गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा, ‘मला तहान लागली आहे’, यंदा माझ्याकडे आलाय. दहा मिनिटं बोलायचंय आणि अजून एक ओळही लिहिलेली नाही. सुटी मिळाली तर सगळ्यांना घेऊन ये, दुपारची उपासना संपली की आमच्याकडेच जेवा. आणि गाडीचं गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय, दुकानासमोरचा गॅरेजवाला विचारत होता. कागदपत्रं घेऊन ये.

तुझा,
काउंटरवाला मित्र